अँबॅसेडरचा कॅमशाफ्ट जाम होतोय? आधी कुठे अडकतोय ते शोधा, मग हात लावा

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच. "भाऊ, बुश नवे टाकले, कॅम आत गेला पण फिरूनच नाही राहिला, पॉलिश पेपर मारू काय?" मी विचारतो, अडकतोय कुठे? पुढच्या बुशात, मधल्या की मागच्या? एकटा असताना अडकतो की प्लेट कसल्यावर? पलीकडे शांतता. आणि तोवर अर्ध्या लोकांनी पेपर मारूनही झालेला असतो.

खालचं सगळं अँबॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाबद्दल आहे, म्हणजे तेच बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी सिरीज, कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा ब्लॉकच्या पोटात, तीन बुशांवर, म्हणजे आतून मऊ मेटल असलेल्या कड्यांवर, फिरणारा. पद्मिनीवाल्यांनाही पद्धत हीच, फक्त मापं आपल्या मॅन्युअलमधली घ्यायची. इथे थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलिमीटरमध्ये ०.०२५.

## १. हत्यारं आणि जागा

मायक्रोमीटर, आतलं माप घ्यायला टेलिस्कोपिक गेज, मॅग्नेटिक बेसवाला डायल गेज, व्ही ब्लॉकची जोडी, फीलर गेज, मार्किंगच्या निळ्या रंगाची ट्यूब, बारीक ऑइलस्टोन, टॉर्च आणि पातळ तार. व्ही ब्लॉक नसेल तर लेथवाल्याकडे जाऊन दहा मिनिटांचं काम करून घ्या, पण सरळ फरशीवर शाफ्ट गडगडवून "सरळ आहे" असं ठरवू नका.

ब्लॉक धुवायचा तो डिझेलने किंवा घासलेटने, ब्रशने, आणि शेवटी हवा मारून. बुश आत असताना ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत टाकू नका, बुशाच्या आतलं पांढरं मेटल त्याने खराब होतं. टाकीत टाकायचाच असेल तर बुश बदलायचे असं धरूनच टाका.

आणि आपल्या नागपुरातली खास गोष्ट, मे महिन्यात कूलरसमोर बसून काम करू नका. कूलरच्या ओल्या हवेत उघडा, कोरडा पुसलेला जर्नल (शाफ्टचा बुशात फिरणारा गोल भाग) एका रात्रीत तांबूस पडतो, सकाळी तुम्ही त्यालाच "घासलेला" समजता. शाफ्टला तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा.

## २. ब्लॉक आणि शाफ्ट एकाच तापमानाला आणा

हे कोणीच करत नाही. ब्लॉक अंगणात टिनाच्या शेडखाली आणि शाफ्ट आतल्या खोलीत गादीखाली जपून ठेवलेला, असं असेल तर दोघांत उन्हाळ्यात सहज २० डिग्रीचा फरक असतो. पुढचा जर्नल साधारण ४५ मिमीचा आहे, एवढ्या मापावर २० डिग्रीने जवळजवळ ०.०१ मिमी फरक पडतो. बुश आणि जर्नलमधली फट असायला हवी १ ते २ थाऊ, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमी. म्हणजे एवढ्याशा फटीतला मोठा हिस्सा नुसत्या उन्हाने इकडचा तिकडे होतो. दुपारी गरम ब्लॉकमध्ये झकास फिरलेला शाफ्ट सकाळी टाइट लागला तर भूत शोधत बसू नका.

दोन्ही वस्तू रात्रभर एकाच खोलीत ठेवा, मापं सकाळी घ्या, मायक्रोमीटरही तिथेच ठेवा, खिशात नाही.

## ३. शाफ्ट एकटा तपासा

शाफ्ट ब्लॉकच्या जवळ नेण्याआधी तीन गोष्टी.

पहिली, नखाची परीक्षा. प्रत्येक जर्नलच्या दोन्ही कडांवरून नख आडवं फिरवा, मग लांबीच्या दिशेने. नख अडलं तिथे धार आहे. माझ्या मामांच्या गाडीचं इंजिन बांधताना तीन रविवार गेले होते, शाफ्ट शेवटच्या अर्ध्या इंचात येऊन जाम. बुश काढले, परत टाकले, दुसऱ्या दुकानातून तपासून आणले, काही नाही. शेवटी मामीने चहा आणला तेव्हा मी शाफ्ट नुसताच हातात धरून बसलो होतो, अंगठ्याला मागच्या जर्नलच्या कडेवर काहीतरी खरखरलं. भिंग लावून बघितलं तर केसाएवढी उठलेली धार, दोन समांतर रेघा. आधी कोणीतरी शाफ्ट तिथेच बाकाच्या शिकंजात, जबड्यांना पत्रा न लावता पकडला होता. ऑइलस्टोनचे सहा-सात हात मारले आणि शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली उतरला. तीन रविवार!

धार फक्त कडेवर आणि उठलेल्या जागेवरच घासायची, स्टोनला तेल लावून. अख्खा जर्नल फिरवत पेपर मारला तर गोलाई जाते.

दुसरी, माप. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन जागी, म्हणजे एका जर्नलची चार मापं, कागदावर लिहा. बी सिरीजमध्ये पुढचा जर्नल सगळ्यात जाड आणि मागचा सगळ्यात बारीक. लक्षात ठेवा, पुढे ह्याचा उपयोग आहे.

तिसरी, वाक. पुढचा आणि मागचा जर्नल व्ही ब्लॉकवर, डायल गेजची पिन मधल्या जर्नलवर, आणि शाफ्ट हळू एक पूर्ण फेरा. काटा २ थाऊच्या वर हलला तर शाफ्ट वाकलाय, सरळ करणाऱ्याकडे द्या किंवा दुसरा शोधा. महिनोन्‌महिने आडवा, एका टोकावर टेकवून ठेवलेल्या शाफ्टवर भरवसा ठेवू नका, ठेवायचा तर उभा टांगून ठेवा.

तपासा: खाच, धार, वाक ह्यापैकी काही सापडलं तर पुढे जाऊच नका. शाफ्टचा दोष बुशावर काढला की दोन्ही जातात.

## ४. बुश आणि त्यांची भोकं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो आणि तो बहुतेक वेळा दुकानात होतो, घरी नाही.

ह्या इंजिनाचे बुश दाबून बसवल्यावर तिन्ही एका रेषेत रीम करायचे असतात. बसताना बुश दाबला जातो आणि आतलं माप कमी होतं, ते रीमरने मापावर आणायचं. बरेचजण पाकिटातून काढलेला बुश "रेडी साइज" समजून दाबतात आणि शाफ्ट जाम झाला की शाफ्टला शिव्या देतात. मी एकदा दुकानात हेच बोललो तर मिस्त्री म्हणाला, "भाऊ, नवा बुश हाय, टाइट तं राहीनच, दोन दिवस चालवा, होते सेट." नाही होत. पांढरं मेटल ओरबाडून निघतं, तेलात जातं आणि ऑइल पंपातून फिरून मेन बेअरिंगपर्यंत पोचतं.

दुकानात द्यायच्या आधी स्पष्ट विचारा, तिन्ही बुश एकाच लांब रीमरने किंवा लाइन बोअरिंगने करणार का? "एक-एक करून हाताने" म्हणाले तर ब्लॉक उचला आणि घरी या. एक-एक केलेले बुश प्रत्येकी मापात असतात पण एकमेकांच्या रेषेत नसतात, आणि मग शाफ्ट जाम होण्याचं कारण कुठल्याच मायक्रोमीटरवर दिसत नाही.

बुश दाबायला पायरीचा मॅन्ड्रेल (पायरी असलेला दांडा) आणि लांब बोल्ट वापरतात, बोल्ट कसत गेलं की बुश सरळ ओढला जातो. हातोडी आणि पाइपचा तुकडा घेऊन ठोकला तर बुशाची कड आत फुगते. टॉर्च तिरपी धरून बघा, फुगलेली कड चमकते.

मग तेलाचं भोक. प्रत्येक बुशाचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलं का ते तार घालून बघा, तार सरळ आरपार गेली पाहिजे. अर्धं झाकलं असेल तरी नापास. त्यानंतर पिचकारीने तेल मारा, ते बुशात यायला हवं. माझ्या एका ब्लॉकमध्ये मधल्या बुशाचं भोक अख्खं बंद होतं, बुश जवळपास दोन सूत फिरवून बसवला होता, आणि शाफ्ट मात्र लोण्यासारखा फिरत होता. म्हणजे "फिरतोय" एवढ्यावर समाधान नको.

आतलं माप घेताना मेन बेअरिंगच्या कॅप बसवून टॉर्कवर कसलेल्या असू द्या. कसल्यावर ब्लॉक थोडा हलतो, मोकळ्या ब्लॉकचं माप आणि कसलेल्याचं माप सारखं येईलच असं नाही.

तपासा: बुशाचं माप वजा जर्नलचं माप, तिन्ही ठिकाणी १ ते २ थाऊ. एकीकडे शून्याच्या आसपास आलं तर चोर सापडला. सगळीकडे बरोबर आलं आणि तरी जाम, तर रेषेचा किंवा कडेचा प्रश्न आहे, पुढे वाचा.

## ५. शाफ्ट आत घालताना

ब्लॉक मागच्या तोंडावर, दोन लाकडांवर उभा करा, म्हणजे शाफ्ट वरून खाली सरळ जाईल. आडव्या ब्लॉकमध्ये घातला तर शाफ्टचं वजन बुशावर येतं आणि लोबच्या (शाफ्टवरच्या अंड्यासारख्या उंचवट्यांच्या) कडा मऊ मेटलला ओरखडे काढतात, मग तो ओरखडाच पुढे अडकतो. टॅपेट (लोबवर टेकून वर-खाली होणारे तुकडे), ऑइल पंपाची दांडी, डिस्ट्रिब्युटरची ड्राइव्ह, काहीही आत नको. जर्नलला साधं इंजिन ऑइल. स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) तात्पुरतं बसवा, तेच हँडल.

हळूहळू फिरवत सोडा. जोर लावायचा नाही, वरून ठोकायचं तर नाहीच नाही.

आता मगाशी सांगितलेली जाडीची गोष्ट. जर्नल पुढून मागे बारीक होत जातात, त्यामुळे मागचा जर्नल पुढच्या आणि मधल्या बुशातून विनातक्रार पास होतो आणि तिन्ही जर्नल आपापल्या बुशात शेवटच्या थोड्याशा अंतरात जवळजवळ एकदमच शिरतात. म्हणून "शेवटी येऊन अडकला" ह्यावरून कुठला बुश ते कळत नाही, आणि लोक अंदाजाने मागचा बुश घासायला लागतात.

त्याची युक्ती अशी. शाफ्ट बाहेर काढा आणि उलटा करा, नाकाचं टोक आधी, आणि ब्लॉकच्या पुढून फक्त पुढचा जर्नल पुढच्या बुशात घाला, बाकी शाफ्ट बाहेर. फिरवून बघा. मग ब्लॉक पलटवून मागच्या बाजूने शाफ्टचं मागचं टोक मागच्या बुशात घाला. तेही फिरवा. दोन्ही एकेकटे छान फिरतात आणि पूर्ण घातल्यावर जाम, तर मधला बुश किंवा तिघांची रेषा. दहा मिनिटांत तीनातला एक कळतो. ब्लॉक पलटवायला माणूस लागतो हे खरं, शेजारच्याला तर्री पोहे कबूल करा.

## ६. अडकण्याची तऱ्हा ओळखा

शाफ्ट एकटा, तेल लावलेला, दोन बोटांनी स्प्रॉकेट धरून फिरला पाहिजे. नाही फिरत, तर कसा नाही फिरत ते बघा.

पूर्ण फेऱ्यात सारखाच जड असेल तर फट कमी आहे किंवा बुश रेषेत नाहीत. फेऱ्यात एकाच जागी जड आणि बाकी मोकळा, तर बहुतेक शाफ्ट वाकलाय किंवा जर्नलवर उंचवटा आहे. खडूने स्प्रॉकेटवर आणि ब्लॉकवर खूण करा, खूण तिथेच येते का बघा. आत-बाहेर सरकवताना खरखर लागते पण फिरताना नाही, तर कडेला धार. एकटा मोकळा आणि काही कसल्यावर जाम, तर दोष बुशात नाहीच, आठव्या टप्प्याकडे जा.

काही इंजिनांत मागे कॅमच्या भोकाला डिशसारखा प्लग असतो. तो जास्त आत ठोकला की शाफ्टचं टोक त्यावर घासतं. शाफ्टच्या मागच्या टोकावर चकचकीत गोल दिसला तर तेच.

## ७. निळा रंग, आणि मगच घासणं

जर्नल कोरडे पुसा, निळा रंग बोटाने इतका पातळ लावा की खालचं मेटल दिसलं पाहिजे. शाफ्ट सरळ घाला, दोन फेरे, सरळ बाहेर. बुशात रंग जिथे लागला आणि मध्ये चमक आली ती उंच जागा.

चमक एका कडेला अर्ध्या चंद्रासारखी आणि समोरच्या टोकाला उलट बाजूला, असं असेल तर बुश तिरका बसलाय, घासू नका, नवा टाका. चमक तिन्ही बुशांत सगळीकडे, तर रीमिंगच राहिलंय, दुकानात परत. दोन-चार ठिपके असतील तेवढेच स्क्रेपरने हलके काढायचे, पुन्हा रंग, पुन्हा फेरे. मला एकदा अकरा वेळा करावं लागलं होतं.

सावधान: बुशाला पॉलिश पेपर नको. पेपरचे कण मऊ मेटलमध्ये रुतून बसतात आणि मग तो बुशच जर्नलला पेपर मारत राहतो. आणि घासून फट ४-५ थाऊ केली तर शाफ्ट सुंदर फिरेल पण गरम इंजिनावर ऑइल प्रेशर खाली जाईल, नागपूरच्या उन्हात तर लवकरच.

घासून झालं की ब्लॉक परत धुवा, तेलाच्या वाटा हवेने उडवा. कंटाळा येतो, माहितीये.

## ८. लोकेटिंग प्लेट आणि स्प्रॉकेट

शाफ्ट एकटा मस्त फिरत होता आणि पुढची प्लेट, स्प्रॉकेट, नट कसल्यावर दगड झाला, हा प्रकार फार कॉमन आहे. प्लेट जर्नल आणि स्प्रॉकेटच्या मध्ये सँडविच होते आणि तिथे पुढे-मागे हलायला ३ ते ७ थाऊ जागा हवी. ही जागा नट पूर्ण कसल्यावर मोजायची, आधी नाही. डायल गेज स्प्रॉकेटच्या तोंडावर, शाफ्ट आत ढकला, बाहेर ओढा, काटा वाचा.

शून्य आली तर बघा: प्लेट उलटी बसली का, प्लेटखाली गॅस्केटचा तुकडा किंवा जुनं पेस्ट राहिलंय का, स्प्रॉकेटची चावी खाचेतून वर उठलीय का (उठली की स्प्रॉकेट तिरकं बसतं), आणि प्लेटच्या बोल्टची डोकी स्प्रॉकेटच्या मागे घासतात का. चौथं कारण लोक विसरतात. जुने बोल्ट हरवले की डब्यातले कुठलेही लावले जातात, डोकं जाड निघतं.

## ९. टॅपेट, ऑइल पंप, डिस्ट्रिब्युटर, एकेक करून

आता एकेक वस्तू लावायची आणि प्रत्येकीनंतर शाफ्ट हाताने दोन फेरे फिरवायचा. दोन वस्तू एकदम लावल्या तर इथवरची मेहनत वाया, परत शोधा.

टॅपेट मॅनिफोल्डखालच्या दोन साइड कव्हरांतून जातात. प्रत्येक टॅपेट तेल लावून सोडल्यावर स्वतःच्या वजनाने हळू खाली सरकला पाहिजे आणि बोटाने गोल फिरला पाहिजे. जुना शाफ्ट आणि जुने टॅपेट असतील तर ज्याचा त्याच लोबवर, काढतानाच नंबर टाकलेले असले पाहिजेत. नवा शाफ्ट असेल तर टॅपेट नवेच.

ऑइल पंपाची आणि डिस्ट्रिब्युटरची ड्राइव्ह शाफ्टवरच्या तिरक्या दात्यांवर चालते. डिस्ट्रिब्युटरची ड्राइव्ह न काढता शाफ्ट ओढणारे खूप, तिथेच दाते खरचटतात आणि मग जोडताना फेऱ्यात एकदा टच्‌ लागतो. ड्राइव्हच्या डोक्यात आटे असतात, लांब बोल्ट फिरवून फिरवत-फिरवत वर ओढली की निघते. बसवताना जोर लागला तर दाते जुळलेले नाहीत, किंचित फिरवा, परत सोडा. पंपाचे बोल्ट कसल्यावर जड झालं तर पंप सैल करून बघा, कॅम निर्दोष आहे.

## १०. चेन आणि हेड

चेन लावली की क्रँकही फिरायला लागतो, मग नव्या रिंग-पिस्टनचा जडपणा लोक कॅमच्या नावावर टाकतात. शंका आली की चेन काढा आणि दोघांना वेगवेगळं फिरवा. दोन्ही स्प्रॉकेटवरचे ठिपके समोरासमोर आले पाहिजेत.

हेड, पुशरॉड, रॉकर लागल्यावर फिरण्याचं स्वरूपच बदलतं. स्प्रिंग दाबताना जड, लोब ओलांडला की शाफ्ट स्वतःच पुढे उडी मारतो. हे जाम नाही, असंच असतं. स्पार्क प्लग काढून, पान्याने हळू पूर्ण दोन क्रँक फेरे फिरवा. कुठे ठाम, लोखंडाला लोखंड लागल्यासारखं थांबलं तर तिथेच थांबा, रॉकर सैल करा. रॉकर सैल केल्यावर मोकळं झालं तर व्हॉल्व्हकडे बघा, पिस्टनला लागतोय किंवा स्प्रिंगच्या कड्या एकमेकांवर बसताहेत.

## ११. पहिला स्टार्ट

लोबवर मॉलीची असेंब्ली पेस्ट, जर्नलवर तेल. पंप आधी तेलाने भरून घ्या. इंजिन पकडलं की आयडलवर सोडू नका, सरळ २००० आरपीएमच्या आसपास २० मिनिटं, नव्या शाफ्ट-टॅपेटला हेच लागतं. उन्हाळा असेल तर पहाटे करा आणि रेडिएटरसमोर मोठा पंखा ठेवा.

वीस मिनिटं झाली की गरम असतानाच तेल पांढऱ्या स्टीलच्या परातीत काढा आणि उन्हात बघा. चमचम दिसली तर परातीखालून चुंबक फिरवा. चुंबकामागे सरकते ती लोब किंवा टॅपेटची, साइड कव्हर उघडा. चुंबकाला दाद देत नाही आणि चंदेरी आहे, ती बुशाची असू शकते किंवा मेन बेअरिंगची किंवा बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगची). मग संप (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून आधी बिग एंडच्या कॅप उघडा, त्या स्वच्छ निघाल्या तर कॅम परत बाहेर.